टक्का कमी होता, तरी वारे का गेले?

अमावास्या शनिवारी आली की आदल्या दिवसापासून आमच्या शिंगणापुरात पाय ठेवायला जागा नसते. घोडेगाव फाट्यापासून गाड्यांची रांग लागते आणि माझ्या दवाखान्यात उन्हाने चक्कर आलेले, गर्दीत पाय मुरगळलेले, औषधाची पिशवी घरी विसरून आलेले, असे सगळ्या मुलखाचे पेशंट जमतात. चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका गर्दीच्या वेळी सोनईकडचे एक ऊस बागाईतदार आले होते. आपण त्यांना तात्या म्हणू. वय अठ्ठावन्न. ब्लडप्रेशर जुने, गोळी मात्र आठवण झाली तर घ्यायची. खिशात तंबाखूचा बटवा आणि चुन्याची डबी.

तात्यांची तक्रार विचित्र होती. दोन दिवसांपूर्वी सकाळी चहा पिताना उजव्या हातातली बशी आपोआप सुटून पडली. बायकोने "काय झालं?" म्हणून विचारले, तर तोंडातून शब्द नीट फुटेना. दहा मिनिटांनी सगळे जागेवर आले. त्या दिवशी ते उसाला पाणीही देऊन आले. "साडेसाती लागलीय, दुसरं काय!" असे म्हणत ते हसत होते. मी तपासले. हात, पाय, बोलणे सगळे व्यवस्थित. तरी शंका नको म्हणून डोक्याचा स्कॅन आणि मानेच्या रक्तवाहिनीची डॉपलर सोनोग्राफी करायला त्यांना नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पाठवले. स्कॅन स्वच्छ आला. डॉपलरचा रिपोर्ट दोन ओळींचा होता. पहिल्या ओळीत डाव्या कॅरोटिड धमनीत चाळीस टक्के अडथळा असल्याचे लिहिले होते. मी ती ओळ वाचली आणि म्हणालो, "पन्नासच्या आत आहे तात्या, घाबरू नका." अॅस्पिरिनची एक बारीक गोळी लिहून दिली, तंबाखूवर नेहमीचे दोन शब्द सुनावले आणि पुढच्या पेशंटला आत घेतले.

अकराव्या दिवशी पहाटे तात्या झोपेतून उठले ते उजवी बाजू लुळी पडलेल्या अवस्थेतच. झटका रात्री कधी आला हे कोणालाच सांगता येईना, त्यामुळे गाठ विरघळवण्याच्या इंजेक्शनचाही उपयोग उरला नाही. जीव वाचला, पण वाचा गेली. आज ते काठी टेकत चालतात, समोरच्याचे सगळे बोलणे त्यांना समजते, आणि उत्तरादाखल एकच शब्द येतो, "हा."

त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मावशी म्हणतो, दर महिन्याला त्यांना घेऊन येतात आणि दर महिन्याला एकच प्रश्न विचारतात. "डॉक्टर, रिपोर्टमधी तर कमीच व्हतं ना?" चार वर्षे मी या प्रश्नाला "नशीब" नावाचे उत्तर देत आलो. हे उत्तर खरे नाही. खरे उत्तर वाचकांपुढेच मांडावे म्हणून आजचा लेख.

चूक कुठे झाली ते समजायला आधी मला माझीच एक आवडती गोष्ट मोडीत काढावी लागेल. गेली पंचवीस-तीस वर्षे मी पेशंटना रक्तवाहिनीचा अडथळा समजावताना ठिबकच्या नळीचे उदाहरण देत आलो आहे. आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षाराचे. नळीत क्षार बसत जातो, भोक बारीक होते, पुढच्या झाडाला पाणी कमी पडते. तशीच चरबी रक्तवाहिनीत बसते. शेतकऱ्याला हे चटकन पटते. काही हुशार मंडळी तर लगेच विचारतात, "मग डॉक्टर, ठिबकला अॅसिड मारतो तसं काही मारून नळी साफ करता येत नाही का?" मी हसून पुढे जायचो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उदाहरणच चुकीचे असेल तर त्यातून निघणारे प्रश्नही वाकडेच निघणार. शिवाय याच समजुतीवर 'ब्लॉकेज खोलणारे' काढे आणि नसा धुऊन देणारी सलाईने विकणाऱ्यांचे दुकान चालते.

रक्तवाहिनी ही नळी नव्हे. ती जिवंत आहे. तिची भिंत पेशींची, स्नायूंची बनलेली असते आणि त्या भिंतीलाही खायला-प्यायला लागते. भिंतीच्या आतल्या बाजूला वाहत्या रक्तातून प्राणवायू मिळतो. पण मोठ्या धमनीची भिंत जाड असते, बाहेरच्या थरांपर्यंत हा पुरवठा पोहोचत नाही. म्हणून निसर्गाने बाहेरून केसासारख्या बारीक वाहिन्यांचे जाळे तिच्यावर पसरवले आहे. रक्तवाहिनीला रक्त देणाऱ्या या रक्तवाहिन्या. मोठ्या धमनीच्या अंगावर वेल चढावा तशा त्या दिसतात.

आता गळ्याच्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटे ठेवा. (एका वेळी एकाच बाजूला, आणि हलकेच.) जी उडते ती कॅरोटिड धमनी. जुन्या ग्रीकांना ठाऊक होते की ही दाबली तर माणूस गुंगीत जातो, आणि गुंगीच्या त्यांच्या शब्दावरूनच हे नाव पडले. आपल्या सुश्रुतानेही मानेच्या या भागातली मर्मे मोजून ठेवली आहेत आणि तिथे इजा झाली तर मुकेपणा येतो असे सांगितले आहे. ही धमनी वर जाताना दुभंगते, एक फाटा चेहऱ्याकडे व एक मेंदूकडे जातो. पाटाला फाटा फुटतो तिथे पाणी भोवऱ्यासारखे फिरते आणि गाळ साचतो. धमनीतही या फाट्यावरच चरबी भिंतीच्या आत मुरते. भिंतीवर नव्हे, भिंतीच्या आत. हा फरक महत्त्वाचा आहे. अस्तराखाली चरबी शिरते, तिला खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन तिथेच मरतात, आणि वर्षानुवर्षांनी भिंतीत एक गळूसारखा उंचवटा तयार होतो. वर तंतूंचे पातळ छप्पर, खाली मऊ लगदा. यालाच आम्ही डॉक्टर प्लाक म्हणतो.

भिंत अशी जाड झाली की मधल्या भागातल्या पेशींचा श्वास कोंडतो. आतून येणारा प्राणवायू पोहोचत नाही, बाहेरचाही पुरत नाही. गुदमरलेल्या पेशी मग रासायनिक हाक मारतात. त्या हाकेला व्हीईजीएफ असे नाव आहे. बाहेरच्या जाळ्यातल्या वाहिन्यांना ती ऐकू जाते, त्यांना नवे कोंब फुटतात आणि ते कोंब प्लाकच्या पोटात घुसतात. जखम भरताना शरीर हेच करते. कॅन्सरच्या गाठीही अशाच प्रकारे स्वतःसाठी रक्ताची सोय करून घेतात, हा विचार १९७१ साली ज्यूडा फोकमन या अमेरिकन सर्जनने मांडला तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. प्लाकमधल्या वाहिन्यांची कथाही त्याच जातीची.

म्हणजे हेतू चांगला. पण काम घाईचे. दुष्काळात आपल्याकडे रातोरात बोअर मारतात आणि पैसे वाचवायला केसिंग पाइप टाकत नाहीत. पाणी लागते, पण महिन्याभरात वरचा मुरूम ढासळतो आणि गढूळ पाणी यायला लागते. प्लाकमधल्या या नव्या वाहिन्या म्हणजे बिनकेसिंगचे बोअर. भिंत एका पेशीची, तिला बाहेरून स्नायूंचा आधार नाही, पेशींचे सांधे सैल. (आमच्या गावात दारे नसलेल्या घरांत चोरी होत नाही ही श्रद्धा आहे. शरीरातल्या या दारे नसलेल्या घरांवर मात्र तशी कृपा नाही.) त्यातून चरबी झिरपते, पांढऱ्या पेशी झिरपतात आणि ब्लडप्रेशर उसळले की सरळ रक्तच फुटून लगद्यात सांडते.

हे सांडलेले रक्त निरुपद्रवी नसते. तांबड्या पेशीचे आवरण कोलेस्टेरॉलने भरलेले असते. म्हणजे रक्त सांडले की प्लाकला बाहेरून चरबी न येताच फुकटची चरबी मिळते. पेशीतले लोह मोकळे होऊन दाह भडकवते. तो दाह निस्तरायला आणखी पांढऱ्या पेशी येतात, त्यांना आणखी प्राणवायू लागतो, आणखी हाका, आणखी कोंब. दिल्लीत शिकून अमेरिकेत गेलेल्या डॉ. रेणू विरमानी यांच्या गटाने हृदयाच्या धमन्यांतील प्लाक तपासून २००३ साली हे दाखवून दिले की आत वारंवार सांडणाऱ्या रक्तानेच लगदा वाढत जातो. मानेच्या धमनीतली गोष्ट याहून वेगळी नाही. लगदा वाढला, छप्पर पातळ झाले, आणि एके रात्री ते फाटते. फाटलेल्या जागी रक्ताची गाठ धरते, तिचा तुकडा सुटतो, आणि मानेतून मेंदूत जायला त्याला काही क्षण पुरतात.

तात्यांचे असेच झाले असावे. बशी पडली त्या सकाळी एक बारीक तुकडा वर गेला आणि विरघळला. काही दिवसांनी मोठा गेला.

आता प्रश्न असा की ही गोष्ट आम्हा डॉक्टरांना ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती, पण बाजूला पडली होती. प्लाकमध्ये नव्या वाहिन्या असतात हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विंटरनिट्झ यांनी १९३८ सालीच पुस्तक काढून दाखवले होते. मग बाजूला का पडली? माझ्या मते याला अँजिओग्राफी कारणीभूत आहे. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढण्याची युक्ती शोधली. युक्ती थोर, हजारो लोकांचे प्राण तिने वाचवले. पण तो फोटो पोकळीचा येतो, भिंतीचा येत नाही. विहिरीत पाणी किती हे दिसते, कडा आतून पोखरली आहे की नाही हे दिसत नाही. जे दिसते त्याचीच मोजदाद होते. म्हणून टक्का आला, आणि टक्का इतका सोयीचा ठरला की आम्ही सगळे त्याच्या आहारी गेलो.

टक्क्याला मी नावे ठेवतो आहे असे कोणी समजू नये. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलातल्या सर्जनांनी मानेच्या धमनीचा बिघडलेला भाग कापून काढून ती पुन्हा जोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि या शस्त्रक्रियेला चालना मिळाली. मग ती कोणावर करावी हा वाद दशकानुदशके चालला. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने १९९१ साली तो बऱ्याच अंशी मिटवला. ज्यांना छोटा झटका येऊन गेला आहे आणि धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद आहे, त्यांच्यात नुसत्या औषधांवर दोन वर्षांत शंभरातल्या २६ जणांना त्या बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रियेनंतर ९ जणांना. पन्नास टक्क्यांच्या खाली मात्र शस्त्रक्रियेने फायदा दिसला नाही. तेव्हा कोणाला सर्जनकडे पाठवायचे हे ठरवायला टक्का आजही लागतो.

पण "पन्नासच्या खाली शस्त्रक्रियेचा फायदा नाही" याचा अर्थ "पन्नासच्या खाली धोका नाही" असा मी कसा काय लावला? मी एकटाच नाही, माझ्यासारखे अनेकजण लावतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात एमआरआयवर प्लाकच्या पोटात रक्त दिसते की नाही यावरून पेशंटचे दोन गट केले होते. छोटा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या आणि धमनी पन्नास टक्क्यांहून कमी अरुंद असलेल्या लोकांत, आत रक्त असेल तर वर्षाला शंभरात ९ जणांना त्याच बाजूचा झटका आला. आत रक्त नसेल तर शंभरात एकालाही पुरता नाही. टक्का तोच, आणि धोक्यात दहापटीहून जास्त फरक. हे वाचले त्या रात्री मी तात्यांचा जुना रिपोर्ट शोधून काढला.

त्या रिपोर्टची दुसरी ओळ मी तेव्हा वाचलीच नव्हती. प्लाक मऊ आहे, सोनोग्राफीवर काळपट दिसतो, पृष्ठभाग खडबडीत आहे, असे त्यात होते. सोनोग्राफीवर पांढराधोप दिसणारा प्लाक बहुधा चुनखडीसारखा कडक, थंड पडलेला असतो. काळपट प्लाकमध्ये चरबी किंवा सांडलेले रक्त असण्याची शक्यता जास्त. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी आपले काम चोख केले होते.

यावर कोणी म्हणेल, मग सगळ्यांच्याच मानेचा एमआरआय करा, शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे औषध देऊन ती नवी सोनोग्राफी करा, ज्यात बुडबुडे प्लाकच्या आत फिरताना प्रत्यक्ष दिसतात. तंत्र खरोखर सुंदर आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी ते नाही आणि सगळ्यांना त्याची गरजही नाही. उलट अलीकडे गावोगावच्या शिबिरांत धडधाकट माणसाच्या मानेची डॉपलर करून टक्क्याचा कागद हातात देण्याची जी टूम निघाली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. लक्षण काहीच नसताना अशी सरसकट तपासणी करू नये असे अमेरिकेतली तज्ज्ञ समितीही सांगते. वीस टक्केवाला निर्धास्त होऊन तंबाखू मळतो, साठ टक्केवाला रात्रभर जागा राहतो, आणि दोघांचेही भले होत नाही.

माझे म्हणणे अगदी साधे आहे. ज्याला छोटा झटका येऊन गेला आहे त्याचा प्लाक जागा झाला आहे असे धरून चालावे, टक्का काही का असेना. एका हातापायातली ताकद काही मिनिटे जाणे, तोंड वाकडे होणे, शब्द अडखळणे, एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे होऊन पुन्हा दिसू लागणे, ही ती लक्षणे. डोळ्याच्या लक्षणाने तर भलभलते फसतात. चष्म्याचा नंबर काढून घरी येतात. दहा मिनिटांत बरे वाटले म्हणून संकट टळले असे समजू नये. छोट्या झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना मोठा झटका येतो, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच येतो. तात्या माझ्याकडे दोन दिवसांनी आले ही त्यांची चूक असेल, पण आल्यावर मी पुढचे अकरा दिवस त्यांना मोकळे सोडले ही माझी.

त्याच दिवशी उपचार सुरू केले तर काय होते, हे ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २००७ साली दाखवले. पूर्वी छोट्या झटक्याच्या पेशंटला त्यांच्याकडेही चिठ्ठी देऊन, तारीख घेऊन, सावकाश औषध सुरू व्हायचे. त्यांनी ते बदलले, पेशंट आला की तिथेच तपासणी आणि तिथेच औषध. तीन महिन्यांत मोठा झटका येण्याचे प्रमाण शंभरात १० वरून २ वर आले. त्यात कोणते नवे महागडे औषध नव्हते. आपल्या गावच्या मेडिकलमध्ये मिळतात तीच, रक्ताची गाठ होऊ न देणारी गोळी, स्टॅटिन, ब्लडप्रेशरची गोळी. फक्त वेळेवर. २०१३ साली चीनमधल्या मोठ्या चाचणीने यात भर घातली. पहिल्या चोवीस तासांत अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या एकत्र सुरू करून तीन आठवडे दिल्या तर तीन महिन्यांतल्या झटक्यांचे प्रमाण शंभरात १२ वरून ८ च्या आसपास येते. (हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या आणून घेऊ नयेत. डोक्यात रक्तस्राव नाही हे स्कॅनने पाहूनच त्या द्यायच्या असतात.)

स्टॅटिनबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घोटाळा या गोळीचा होतो. लोक सहा महिने घेतात, कोलेस्टेरॉल तपासतात, आकडा चांगला आला की बंद करतात. पुन्हा तीच नळी साफ झाल्याची समजूत. शस्त्रक्रियेत कापून काढलेले प्लाक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांच्या प्लाकमध्ये या नव्या वाहिन्या कमी आढळल्या आहेत. गोळी कोलेस्टेरॉल उतरवते तशी आतला दाहही शांत करते. गोळी बंद केली की तो राखेखालचा विस्तव पुन्हा फुलतो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, गोळीची गरज संपली म्हणून नाही.

काही वाचक विचारतील, या नव्या वाहिन्यांचीच वाढ रोखणारे औषध का देत नाहीत? चांगला प्रश्न. फोकमन यांच्याच गटाने १९९९ साली उंदरांवर तो प्रयोग केला आणि प्लाकची वाढ मंदावली. पण माणसाला कॅन्सरसाठी देतात ते बेव्हॅसिझुमॅब नावाचे, हीच हाक दाबणारे औषध घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. ती हाक शरीरात इतरत्रही लागते, सरसकट गळा दाबून चालत नाही. तेव्हा प्लाकमधल्या वाहिन्या जाळणारे औषध म्हणून कोणी काही विकायला आले तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवावा.

औषध नसले तरी खतपाणी घालणे आपल्या हातात आहे आणि ते आपण रोज घालतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली दाखवले की निकोटिन हे स्वतःच नव्या रक्तवाहिन्यांना कोंब फोडते, आणि उंदरांत त्यामुळे प्लाक वाढतो. निकोटिन! धूर नव्हे. "मी काही बिडी ओढत नाही डॉक्टर, नुसती तंबाखू-चुना," असे म्हणणाऱ्या सर्वांनी, आणि दात घासायचे निमित्त करून दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या आमच्या आया-बहिणींनीही, हे वाक्य पुन्हा वाचावे. चुन्याने तर निकोटिन तोंडातून लवकर रक्तात शिरते. मधुमेह असेल तर प्लाकमधल्या वाहिन्या आणखी वाढतात. आणि ब्लडप्रेशरची गोळी एक दिवस घेऊन दोन दिवस विसरणे म्हणजे त्या बिनकेसिंगच्या बोअरवर मोटर अचानक फुल्ल सोडणे.

वारे जाण्याचे मूळ दर वेळी मानेतच असते असे नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गाठ तिथूनही येते, आणि आपल्या लोकांत मेंदूच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे. तो भेद तपासणीने करता येतो. घरच्या माणसांनी करायचे काम सगळ्यांत एकच, गाडी काढणे किंवा १०८ ला फोन करणे. मोठा झटका असेल तर गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. त्यातला एक तास तेल चोळण्यात, एक तास कबुतराच्या रक्ताची शोधाशोध करण्यात आणि एक तास पाहुण्यांची वाट पाहण्यात गेला की उरते काय? शनिदेवावर माझी श्रद्धा आहे, दर शनिवारी दवाखाना उघडण्याआधी मी चौथऱ्यासमोर हात जोडतो. तेल देवाला वाहावे. लुळ्या पडलेल्या हाताला चोळत बसू नये.

पक्षाघात हा शहरातल्या, मोटारीतून हिंडणाऱ्या माणसांचा आजार आहे हा समज अजून खेड्यांत आहे. डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेतर्फे डॉ. योगेश्वर कळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०१५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष वाचून मी चकित झालो. सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने, सातांत एक, आणि त्यांतले बहुतेक घरातच. गडचिरोलीतल्या कष्टकरी माणसाची ही अवस्था, मग साखर कारखान्यांच्या आपल्या सधन पट्ट्यात काय असेल याचा विचार प्रत्येकाने करावा.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. डॉपलरचा रिपोर्ट हातात आला की टक्क्याच्या पुढची ओळ वाचा, आणि पेशंटला समजेल अशा मराठीत सांगा. सोनोग्राफी करणाऱ्यांनी ती ओळ लिहिणे सोडू नये, आम्ही वाचत नसलो तरी. आणि टक्का कमी म्हणून कोणाला घरी पाठवण्याआधी, त्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस, स्टॅटिन किती ताकदीची, पुन्हा कधी यायचे, हे कागदावर लिहून द्या. मी "घाबरू नका" एवढेच सांगितले होते. तात्या घाबरले नाहीत. अॅस्पिरिनही त्यांनी चार दिवसांत सोडून दिली होती, हे मला नंतर कळले.

परवाच्या भेटीत मी मावशींना समोर बसवून हे सगळे सांगितले. औषधाच्या कंपनीने दिलेल्या वहीवर धमनीचे चित्र काढले, भिंतीतला लगदा, त्यात शिरलेल्या वाहिन्या, सांडलेले रक्त. शेजारी तात्या चित्राकडे बघत होते. मावशींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजी डॉक्टर, त्या रिपोर्टात हे व्हतं?"

"खूण होती मावशी. दुसऱ्या ओळीत. मी वाचली नाही."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतली सगळी गोळ्यांची पाकिटे टेबलावर ओतली आणि सकाळची कोणती, रात्रीची कोणती, हे पुन्हा एकदा विचारून घेतले.